बिनमातीची उद्यानविद्या : दुर्गाघाटच्या होतकरूंसाठी

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी सांगून टाकतो. बारावी झाली आहे. घर दुर्गाघाट, ब्रह्माघाट नाहीतर पंचगंगेच्या गल्लीत आहे. आडनाव मराठी आहे, घरातली भांडणं मराठीत आणि गल्लीतली बनारसीत होतात. आणि अलीकडे तुम्हाला वाटू लागलं आहे की आपण उद्यानविद्येत करिअर करावं. हे घरी अजून सांगितलं नसेल तर दिवस नीट निवडा. एकादशी टाळा, उपाशी माणसं लवकर चिडतात. पितृपक्षातली एखादी दुपार उत्तम. खीर-वडे खाल्लेला काका वाद घालण्याआधी आडवा होतो.

पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे : "म्हणजे माळी?" याला 'नाही' म्हणू नये. 'नाही' म्हटलंत की माळी होण्यात कमीपणा आहे हे तुम्हीच कबूल केलंत. 'हो' म्हटलंत तर आजी देवापुढे जाऊन बसते. "बघू पुढे" म्हणावं आणि ताक मागावं. दुसरी प्रतिक्रिया आत्याची : "सरकारी असतं का ते?" याला मात्र ठामपणे 'हो' म्हणावं, जिल्हा उद्यान अधिकारी नावाचं पद असतं आणि त्याला जीप असते, एवढं सांगितलं की आत्या तुमच्या बाजूची. मुलगी असाल तर विरोध होणारच नाही. "छान छंद आहे हो," म्हणतील. हे विरोधापेक्षा वाईट, कारण विरोध मोडता येतो.

तिसरी प्रतिक्रिया गल्लीच्या तोंडावरच्या पानवाल्याची, आणि दुर्गाघाटावर तिला घरच्यांपेक्षा वजन आहे. "का गुरू, माली बनबा?" त्याला सरळ होकार द्या, कारण तोही याच धंद्यातला आहे. नागवेल हे उद्यानविद्येच्या पुस्तकातलं पीक. बनारसी पानाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; पण त्यातलं नावाजलेलं मगही पान वाढतं बिहारमध्ये. काशीत ते टोपल्यांत भरून, ऊब देऊन, पांढरट पिवळं होईपर्यंत पिकवतात, इतकंच. लागवड दुसऱ्याची आणि कीर्ती आपली, हे काशीचं जुनं तंत्र ध्यानात ठेवा, पुढे धंद्यात लागेल.

आता घरच्यांना उत्तर देण्याची तयारी. सकाळी नऊच्या आत आपल्या घरात काय काय येतं याची नोंद करा. बेल, दूर्वा, तुळस, झेंडूच्या माळा, जास्वंद असेल तर जास्वंद, विड्याची पानं, सुपारी, नारळ, केळी, हळकुंड, नैवेद्याला ऋतूचं फळ. तांब्या, पळी आणि देव सोडले तर देवघरात जे आहे ते सगळं कुठल्या तरी बागेतून आलेलं आहे. आणि हे सगळं वाहणाऱ्या, घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांनी सुपारीचं झाड उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. फुलं कुठून येतात? बांसफाटकातून. तिथे कुठून येतात? या प्रश्नावर आमच्या घरांतलं वनस्पतिशास्त्र संपतं. वरुणेपलीकडच्या गावांतून एक माणूस पहाटे अंधारात झेंडूच्या माळांचं ओझं सायकलला बांधून निघतो आणि उजाडता उजाडता बांसफाटक किंवा मलदहियाच्या फुलबाजारात पोचतो, तेव्हा कुठे अण्णांना 'पुष्पं समर्पयामि' म्हणता येतं. त्या माणसाचा धंदा तुम्ही करणार म्हणताच अण्णांचा रक्तदाब वाढतो, तो पूजा सोवळ्यात असते आणि तिचं साहित्य ओवळ्या हातांनी पिकतं या अडचणीमुळे. यावर वाद घालू नका. फक्त एकदा सहज म्हणा की झेंडू मूळचा मेक्सिकोचा आणि पेरूही अमेरिकेतून आलेला. पोर्तुगीज येण्याआधी विश्वनाथाला यांतलं काहीच माहीत नव्हतं. एवढं म्हणून खोलीतून बाहेर पडा.

पूर्वजांविषयी

आपल्या पूर्वजांनी या बाबतीत आपली थोडी पंचाईत करून ठेवली आहे. अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित काशीला आले आणि त्यांनी दुर्गाघाट, ब्रह्माघाट बांधून काढले. शेजारच्या पंचगंगेवरचं बिंदुमाधवाचं आजचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींचं. नाना फडणवीसांचा वाडा याच वस्तीत. आता गंमत बघा. हेच नाना पुण्यात देऊळ बांधायला बसले तर त्याचं नाव बेलबाग. पेशव्यांच्या पुण्यात हिराबाग आहे, सारसबाग आहे. म्हणजे मराठी माणसाला बागेचं वावडं होतं असं नाही; पण त्याने बागा पुण्यात केल्या आणि काशीत चुनारचा दगड रचला. पुण्य दगडात जास्त टिकतं असा हिशोब असावा. आपण त्या दगडावर जन्मलो.

शहरानेही फार मदत केलेली नाही. काशीखंडात या नगरीला आनंदकानन म्हटलं आहे. आज गुरुबाग, नीचीबाग ही नावं ऐकून कोणी खुरपं घेऊन निघाला तर त्याला दुकानं आणि रिक्षा भेटतील. आपल्याला चालत जाण्यासारख्या बागा दोन, आणि दोन्ही बुजलेल्या तळ्यांच्या. १८२०च्या दशकात जेम्स प्रिन्सेप इथे टांकसाळीचा अधिकारी होता. त्याने शहराखालून भुयारी गटार काढलं आणि मत्स्योदरी तळ्याचं पाणी गंगेत सोडून दिलं. तिथे आज मछोदरीचा पार्क आहे. मंदाकिनीचं मैदागीन झालं आणि तिथे कंपनीबाग आली. दोन्ही ठिकाणी सकाळी जा. झाडं बघायला जाताय हे कोणाला सांगू नका, फिरायला जातोय म्हणा.

काका म्हणेल, "हे आपल्या लोकांचं काम नव्हे." त्याच्यासाठी हे पाठ करा. पुण्याच्या गणेशखिंडीत सरकारी फळसंशोधन केंद्र होतं. तिथे १९२७ मध्ये जी. एस. चीमा यांनी पेरूच्या रोपांतून एक झाड निवडलं. बी लखनौकडचं होतं म्हणून त्याचं नाव लखनौ-४९, पुढे सरदार. चीमा पंजाबी, बी आपल्या उत्तर प्रदेशाचं, माती पुण्याची. आणि आज बनारसच्या हातगाडीवरसुद्धा तो पेरू असतो. त्याच केंद्रात आळंदीच्या डाळिंबातून जो वाण निघाला त्याचं नाव 'गणेश'. काका गणपतीचे उपासक असले तर पेरू वगळून थेट डाळिंबावर या.

माती

उद्यानविद्येच्या कुठल्याही पुस्तकाचं पहिलं प्रकरण जमिनीवर असतं. पाण्याचा निचरा होणारी, मध्यम खोलीची, सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेली जमीन निवडावी, असं त्यात लिहिलेलं असतं. दुर्गाघाटावर जमीन निवडायची म्हणजे भाऊबंदांशी कोर्टात जाणं. सातबाऱ्यावर नाव असेल तर ते कोकणातल्या एखाद्या कातळाच्या पंचवीस-तीस हिस्सेदारांत. तिकडचे नातेवाईक दर उन्हाळ्यात हापूसची पेटी पाठवतात, जमीन पाठवत नाहीत.

पण आपल्याला माती आणून देणारी एक बाई आहेच. पावसाळ्यात गंगा पायऱ्या चढून येते. काशीला धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे आणि १९७८च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. जुनी माणसं अजून भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. पूर उतरला की घाटावर गाळाचा जाड थर राहतो. मग पंप लावून पाण्याचे फवारे मारतात आणि तो गाळ परत गंगेत लोटतात. पंप येण्याआधी बादली घेऊन पोचा. हिमालयापासून वाहून आलेली माती फुकट मिळते आहे, म्हणून नवशिका हरखतो आणि कुंडी नुसत्या गाळाने भरतो. हा गाळ इतका बारीक असतो की दोन पाण्यांत घट्ट बसतो, वर तडे जातात आणि खाली मुळं गुदमरतात. एक भाग गाळ, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड, तळाशी खापऱ्या. कुजलेलं हा शब्द महत्त्वाचा. गल्लीत गाई आहेत, शेण ताजं मिळतं, आणि ताज्या शेणाच्या उष्णतेने रोप मरतं. ते चार-सहा महिने कुजवायला जागा लागते, ती तुमच्याकडे नाही. म्हणून निर्माल्याकडे वळा.

निर्माल्य हा दुर्गाघाटचा अक्षय खतसाठा. मात्र माळेतला दोरा, जरीची फीत आणि प्लास्टिकची पिशवी आधी काढावी लागते, नाहीतर खतात दोऱ्यांची जाळी तयार होते. घरी बोलताना 'निर्माल्य कुजवतो' असं चुकूनही म्हणू नये. 'कुंडीत विसर्जन करतो' म्हणावं. क्रिया तीच, पण अण्णा स्वतः आणून देऊ लागतात.

आता हे सगळं गच्चीवर न्यायचं. अठरा इंची कुंडी भिजल्यावर साठ-सत्तर किलोंच्या घरात जाते. वाड्याचा जिना एका माणसाला आडवं होऊनच चढता येतो, आणि गच्ची चुन्याची, तुळया पणजोबांच्या. कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतींवर भार येईल अशा कडेने लावा, मातीत कोकोपीट मिसळून वजन कमी करा. पाणी खालच्या बिऱ्हाडात टपकलं तर काय होईल हे मी सांगायला नको. दुर्गाघाटची मुक्की एके काळी साऱ्या काशीत प्रसिद्ध होती.

कीड

पुस्तकात मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण यांची प्रकरणं आहेत. ती सावकाश वाचा. आधी माकडं.

काशीची लाल तोंडाची माकडं टोमॅटो कच्चाच चावून टाकतात, पेरूची फुलंसुद्धा ठेवत नाहीत, आणि नवीन रोप दिसलं की मूळ धरलंय का हे उपटून बघतात. या शेवटच्या बाबतीत ती अगदी नवशिक्यांसारखी वागतात. औषध फवारणं हा प्रश्नच नाही, मंगळवारी-शनिवारी तर शेजारणी त्यांना फुटाणे घालतात. उपाय एकच, गच्चीवर लोखंडी जाळी. जाळी बसवली की बागाईतदार आत आणि माकडं बाहेर बसून त्याच्याकडे बघत राहतात. जाळीला पैसे नसतील तर पिकं बदला, आणि इथे एक खरी उपयोगाची गोष्ट सांगतो. रुई, धोत्रा, कण्हेर यांना माकडं तोंड लावत नाहीत, कारण तिन्ही विषारी. आणि तिन्ही शंकराला लागतात. हलाहल पिणाऱ्याच्या पूजेत विषारी झाडं असणं बरोबरच आहे. पण परिणाम असा, की दुर्गाघाटच्या उघड्या गच्चीवर चार पावसाळे काढून जी बाग उरते ती आपोआप शैव असते. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला रुईच्या माळांना मागणी किती असते हे बांसफाटकात उभं राहून बघा. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, माळ ओवणाऱ्या लहान मुलांच्या तर नाहीच.

माकडांनी आणि माणसांनी दोघांनीही न लावलेलं एक झाड मात्र प्रत्येक वाड्यात उत्तम वाढलेलं असतं. दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात, पन्हळीच्या बाजूला, चुन्याच्या भेगेत. पिंपळ. पक्षी फळ खातो, बी त्याच्या विष्ठेतून भेगेत पडतं, आणि माती, खत, निगा यांपैकी काहीही न लागता तो दगड फोडून उभा राहतो. मराठी माणूस पिंपळ तोडत नाही. तो फक्त दरवर्षी म्हणतो की याचं काहीतरी केलं पाहिजे. मुळं भिंतीत बोटभर असतानाच उपटली तर निघतात. मनगटाएवढी झाल्यावर भिंत आणि झाड यांतलं एकच वाचतं, आणि कोणतं, ते अण्णा ठरवतात.

लंगडा आणि इतर सोयरिकी

काशीत राहून आंब्यावर मत नसणं शक्य नाही. कोकणातून आलेल्या पेटीतले हापूस खाऊन झाले की घरातलं कोणीतरी कोय कुंडीत पुरतंच. तिला पालवी फुटते, तांबूस कोवळी पानं दिसतात, घरभर आनंद होतो. हा आनंद तिथेच थांबवा. हापूसच्या कोयीतून येणारं झाड हापूस नसतं. परागीकरण कुठल्या झाडाने केलं त्यावर त्याचा स्वभाव ठरतो, आणि ते कळायला सात-आठ वर्षं वाट बघावी लागते. शिवाय हापूस कोकणची हवा सोडून कुठेच नीट रमत नाही. मराठी कुटुंबं रमतात, तो नाही.

पण ते कोयीचं रोप फेकू नका. पंधरवड्याचं, अजून तांबूस असतानाच त्यावर कोय कलम करता येतं; दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणात घरोघर पोचवलेली ही पद्धत. आई म्हणून लंगड्याचं चांगलं धरणारं झाड शोधा. त्याची तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेली काडी निवडा. आठ-दहा दिवस आधी तिची पानं छाटा, देठ ठेवा. मग रोपाचा शेंडा छाटून त्याला मधोमध चीर द्या, काडी पाचरीसारखी दोन्ही बाजूंनी तासून त्या चिरेत बसवा, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. साल सालीला भिडली पाहिजे. चाकू धारदार हवा. घरातली विळी चालणार नाही, आणि ती घेतलेली आईला चालणार नाही.

लंगडा पिकला तरी सालीने हिरवाच राहतो, त्यामुळे नवशिका तो कच्चा समजून ठेवतो आणि नासवतो. त्यालाही २०२३ मध्ये बनारसी लंगडा म्हणून मानांकन मिळालं आहे. पण त्याची जी गोष्ट जाहिरातीत येत नाही ती ही : लंगडा स्वतःच्या परागाने नीट फळ धरत नाही. एकटा लावला तर मोहोर भरपूर, आंबे मोजके. शेजारी दशहरीसारखी दुसऱ्या कुळातली जात लागते. सगोत्र चालत नाही हा नियम त्याला कोणी शिकवला नाही. दुर्गाघाटावर हे सांगितलंत तर आंब्याबद्दलचा आदर एकदम वाढतो. ज्यांच्या गच्चीत दोन झाडांना जागा नाही त्यांनी आम्रपाली घ्यावी. दिल्लीच्या संशोधन संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेली बुटकी जात आहे, मोठ्या कुंडीत निभते.

रोपवाटिकांच्या यादीत आपल्या गावाचं नाव आणखीही सापडेल. 'बनारसी' नावाचा आवळा आहे : फळ मोठं, धरतं कमी. त्याच्या बीजू रोपांतून पुढे एनए-१० निघाला, तो जास्त धरतो. 'बनारसी कडाका' नावाचं बोर आहे. कार्तिकात आवळीखाली जेवायला जाताना झाड कुठल्या जातीचं आहे हे विचारत जा. कोणाला माहीत नसतं, पण प्रश्न विचारणाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागतात.

प्रात्यक्षिक परीक्षा

वनस्पती ओळखण्याची परीक्षा तुम्ही लहानपणापासून नापास होत आला आहात. गणपतीची एकवीस पत्री आठवा : माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, हादगा, मधुमालती. ब्रह्माघाटचा मराठी गणेशोत्सव शंभरी ओलांडून गेला. तितकी वर्षं गुरुजी नाव घेतात आणि यजमान ताटातलं हाताला येईल ते पान वाहतो. 'देवदारुपत्रं' म्हणताना जे वाहिलं जातं ते बहुधा देवदार नसतं. देवदार हिमालयात उंचावर होतो, आणि जुडीत जे येतं ते शेजारच्या कुंपणातलं असतं. या भाद्रपदात एकवीसची एकवीस खरी गोळा करून बघा. गल्लीबाहेर किती लांब जावं लागतं ते कळेल. आघाडा आणि माका रेल्वेलाइनच्या कडेला मिळतील. डोरलीचे काटे बोटाला सांगतील. प्रत्येक पान जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा, खाली नाव, ठिकाण, तारीख लिहा. याला हर्बेरियम म्हणतात आणि कृषी महाविद्यालयात यावर गुण मिळतात.

शिक्षण

पर्याय चांगले आहेत, फक्त सगळे दुर्गाघाटापासून लांब आहेत. बनारस हिंदू विश्वविद्यालय १९१६ चं, त्यातलं शेतीचं संशोधन आणि शिक्षण १९३१ पासून चालू आहे. आज त्याचं नाव कृषी विज्ञान संस्थान. पदवीला सीयूईटीतून प्रवेश. भोजूबीरला उदय प्रताप महाविद्यालयात शेतीचं शिक्षण मिळतं. महाराष्ट्रात जायची तयारी असेल तर राहुरी, दापोली, अकोला, परभणी ही चार कृषी विद्यापीठं आहेत. तिकडे चार वर्षांची उद्यानविद्येची वेगळी पदवी आहे. तिकडे गेलात तर काशीचे म्हणून हॉस्टेलवर मान मिळेल आणि तुमच्या मराठीला हसतील. शेवटच्या वर्षी 'रावे' असतं, म्हणजे खेड्यात राहून शेतकऱ्याबरोबर काम. वैदिक घराण्यातल्या मुलाला ते जमेल का, असं घरी विचारतील. भिक्षुकीत परक्याच्या घरी पहाटे उठून सांगतील ते काम करायची सवय आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, असं उत्तर द्या.

आणि पदवी मिळो न मिळो, एकदा जक्खिनीला जाऊन या. शहराच्या दक्षिणेला, शहंशाहपूरजवळ भारतीय भाजी संशोधन संस्था आहे. आधी प्रकल्प संचालनालय म्हणून निघाली आणि १९९९ मध्ये संस्था झाली. इथून निघणाऱ्या वाणांच्या नावांत काशी असते : काशी क्रांती ही भेंडी, काशी नंदिनी हा वाटाणा, काशी कंचन ही चवळी, काशी लालिमा ही लाल भेंडी. आपल्या घरात काशी फक्त शेवटी कामाला येते. इथे तिच्या नावाने भाजी उगवते.

परवळ हा विषय तिथे समजून घ्या. परवळात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. फळ मादीवर, पण नऊ-दहा माद्यांमागे एक नर लावला नाही तर तेही नाही. लागवड बियांनी न करता वेलाच्या तुकड्यांनी करतात, म्हणजे कोणता वेल कोण हे आधीच माहीत असतं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना ही भाजी आवडत नाही.

यावरून बाजारपेठेकडे वळू. बागाईतदाराने गिऱ्हाइकाचा कल ओळखला पाहिजे, आणि त्यासाठी दुर्गाघाटासारखी जागा जगात नाही. मराठी यात्रेकरू काशीला येऊन एक फळ नाहीतर भाजी कायमची सोडतो. हा विधी तुमच्याच घराच्या ओसरीवर होतो. कान देऊन ऐका, लोक कारलं सोडतात. रामफळ सोडतात. दुधी सोडणारे बरेच. कोणी एखादी मावशी पडवळ सोडते आणि यजमान हळूच विचारतो, "सीताफळ सोडलं तर चालेल का, तसंही मधुमेहामुळे बंदच आहे." आंबा सोडलेला माणूस मात्र शोधूनही सापडत नाही. द्राक्षं नाशिकवाला सोडत नाही, केळी जळगाववाला सोडत नाही, नागपूरकर संत्र्याचं नाव काढू देत नाही. इतका प्रामाणिक ग्राहक-सर्वेक्षण अहवाल कुठल्याही बियाणे कंपनीकडे नसेल.

व्यवसायास आरंभ

नोकऱ्या आहेत : बँकेत कृषी अधिकारी, राज्याच्या उद्यान विभागात, बियाण्यांच्या कंपनीत मोटरसायकलवर. संशोधनात जायचं तर पीएचडी, नेट आणि धीर. पण तुम्ही रोपवाटिकाच काढणार असाल, तर वरुणेपलीकडे थोडी जमीन भाड्याने घ्या, बोअरचं पाणी तपासा, शेडनेट बांधा, आणि मालक-माळी-हमाल तिन्ही स्वतः व्हा. सुरुवात तुळशीच्या रोपांनी करा. कार्तिकात बिंदुमाधवापुढे तुळशीच्या माळांचा खच पडतो, आणि तुळशीच्या लग्नाआधी प्रत्येक घराला कळतं की आपली तुळस वाळली आहे. ती वाळते कारण कोणी मंजिऱ्या खुडत नाही. बी धरलं की तुळशीला जगण्यात रस राहत नाही. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात असं गिऱ्हाइकाला सांगणं तुमचं कर्तव्य आहे. रविवारी आणि द्वादशीला खुडू नये असं गिऱ्हाईक तुम्हाला सांगेल. उरलेले पाच-सहा वार दोघांना पुरतात.

पहिलं गिऱ्हाईक नात्यातलंच असणार आणि ते पैशाचं बोलणार नाही. "घरचंच तर आहे," म्हणून बेल, "दोनच काड्या," म्हणून दूर्वा, "तुझ्या हातची," म्हणून जास्वंद. यासाठी दरपत्रक छापून घ्या आणि ते पंचांगाच्या शेजारी टांगा. छापलेल्या गोष्टीला आपल्यात मान आहे. ज्या काकांनी खुरप्याला नावं ठेवली त्यांना दहा टक्के सूट द्यावी, भांडण मिटतं आणि ते इतरांना सांगत फिरतात.

आत्या मात्र सवलत मागणार नाहीत, त्यांना लंगडा हवा असेल. गच्चीत, कुंडीत, फळासकट, नातवाच्या मुंजीपर्यंत. मुंज कधी म्हणून विचारा. "येत्या वैशाखात." कलमाला पहिलं फळ धरायला चार वर्षं लागतात, शेजारी दुसरी जात लागते, आणि लंगडा ज्येष्ठ-आषाढाच्या आधी पिकत नाही, हे सांगू लागलात तर त्या मुहूर्त बघायला पंचांग काढतील. काढू द्या. तेवढ्यात दोन कुंड्यांचे पैसे आगाऊ घ्या, आणि पावतीवर खाली लिहून सही घ्या, की वानरांनी केलेल्या नुकसानीची जबाबदारी रोपवाटिकेवर नाही.